मेथीदाण्याचा साखरेवरचा परिणाम घरी कसा तपासावा

मेथी खाल्ल्याने रक्तातील साखर कमी होते असे सर्रास सांगितले जाते. परंतु आपल्या स्वतःच्या जेवणात तिचा उपयोग किती होतो, हे ग्लुकोमीटर (बोटाच्या थेंबभर रक्तातून साखर मोजणारे छोटे यंत्र) असल्यास घरीच पाहता येते.

१. एके दिवशी नेहमीचे जेवण, उदाहरणार्थ २ भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि भाजी, मोजून घ्यावे. जेवणापूर्वी आणि पहिल्या घासापासून २ तासांनी साखर तपासून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो, म्हणून हात धुऊन कोरडे करावेत.

२. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेवढेच जेवण घ्यावे, मात्र रात्रभर भिजवलेले चमचाभर मेथीदाणे सोबत चावून खावेत. जेवणानंतरची शतपावली दोन्ही दिवशी सारखीच असावी, अन्यथा चालण्याचे श्रेय मेथीला जाते.

मीटरचे आकडे थोडे मागेपुढे होतातच, त्यामुळे ही जोडी तीन-चार वेळा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर कमी करणारी गोळी चालू असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये, आणि आकडे चांगले आले तरी औषधाची मात्रा परस्पर कमी करू नये.