दुर्बिणीत उजवा डोळा धूसर, कपाळ ठणकतं: माझा उपाय

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कुरव बघताना डाव्या डोळ्याला पिसं स्वच्छ दिसायची, उजव्याला धूसर. थोड्याच वेळात कपाळ ठणकायचं. काचा पुसून झाल्या. जड १०x५० (दहापट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिमीची) बाजूला ठेवून खिशात मावणारी ८x२५ घेतली, पण तिच्यातून डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत जेमतेम ३ मिमी रुंद, डोळा जरा सरकला की काळोख. अगदी वैताग आला.

८x४२ मध्ये झोत ५ मिमीच्या वर, त्यामुळे डोळ्याला आराम मिळाला. धूसरपणा मात्र जुळवणीनेच गेला. क्रम असा:

चष्मा असेल तर डोळ्यांकडचे कप आत फिरवा. बिजागरीवर दोन्ही नळ्या हलवून दोन वर्तुळांचं एक करा. उजवी पुढची काच तळहाताने झाका, डोळे दोन्ही उघडे ठेवा, आणि लांबच्या नांगरलेल्या होडीवरचा नंबर मधल्या चाकाने स्वच्छ करा. आता डावी काच झाका. मधल्या चाकाला अजिबात हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायॉप्टरची कडी (ही फक्त उजव्या बाजूचा फोकस बदलते) फिरवून तोच नंबर स्वच्छ करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

दुसऱ्या कोणी दुर्बीण वापरली की कडी आधी तपासा.