घर आधी, खून नंतर: ओटीटीसाठी कौटुंबिक थरारपट कसा लिहावा

कुटुंबातील एकाच्या हातून गुन्हा घडतो आणि बाकीचे तो लपवतात, या कथाबीजावर पटकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा खुनापासून सुरुवात करतो: हत्यार कोणते, प्रेत कुठे टाकले, पोलीस कसे चकले. सुरुवात घरापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. घरात कोण कोण राहते, घर कोणाच्या नावावर आहे, कोणाच्या कमाईवर चालते आणि कोणी कोणासाठी पूर्वी काय सोसले आहे, हे आधी कागदावर उतरवावे. कारण अशा चित्रपटात प्रेक्षक खुन्यापेक्षा लपवणाऱ्यांच्या काळजीने जागेवर बसून राहतो.

उदाहरणादाखल इचलकरंजीतील एका यंत्रमागधारकाचे कुटुंब घेऊ. विधवा आई, कारखाना सांभाळणारा थोरला मुलगा, थोरली सून, धाकटा मुलगा आणि धाकटी सून. सुताच्या उधारीवरून पेटलेल्या भांडणात धाकटा एका व्यापाऱ्याचा खून करतो. हे स्थळ केवळ शोभेसाठी घेतलेले नाही. माग चालू असताना शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते, त्यामुळे आतली किंकाळी बाहेर पोहोचत नाही. आणि वीज जाऊन सगळे माग एकदम थांबले, तर एरवी कोणाच्याही कानी न पडलेले एखादे वाक्य सगळ्या कामगारांना स्पष्ट ऐकू जाते. स्थळ निवडताना ते कथेतील कोणते काम करणार आहे, हे स्वतःला विचारावे.

यापुढचे पाऊल बहुतेक लेखक गाळतात, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. प्रत्येक पात्राच्या नावापुढे त्याच्या निष्ठेची कायद्यातील किंमत लिहावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ नुसार गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी आश्रय देणे हा गुन्हा आहे, आणि आश्रयात केवळ छप्पर नव्हे, तर अन्न, पाणी, पैसे, कपडे आणि वाहनही येते. यातून सूट मिळते ती फक्त गुन्हेगाराच्या पतीला किंवा पत्नीला. म्हणजे माळ्यावर लपलेल्या धाकट्याला त्याच्या बायकोने भाकरी नेऊन दिली तर ती या कलमाखाली दोषी ठरत नाही, पण तीच भाकरी आईने नेली तर मूळ गुन्हा खुनाचा असल्यामुळे तिला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र धाकटीने नवऱ्याचा रक्ताळलेला सदरा त्याला वाचवण्यासाठी धुतला, की तीही सापडते, कारण पुरावा नाहीसा करण्याच्या कलम २३८ मध्ये पत्नीला अशी सूट नाही आणि तिथे शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे. राहिली थोरली सून. दिराशी तिचे रक्ताचे नाते नाही, कायद्याचे संरक्षणही नाही, आणि तिने गप्प राहावे अशी अपेक्षा मात्र सगळे घर करते. पटकथेचा कणा तिच्या हाती द्यावा, असे मी सुचवीन.

पती-पत्नीच्या संवादाचाही बारकाईने विचार करावा. भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार, म्हणजे पुराव्याच्या कायद्यानुसार, खटला परस्परांविरुद्धच्या गुन्ह्याचा नसेल, तर वैवाहिक काळात नवऱ्याने बायकोला जे सांगितले ते उघड करण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय तिला ते न्यायालयात सांगताही येत नाही. जे तिने डोळ्यांनी पाहिले, त्याची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मधील एका खून खटल्यात हाच भेद केला: नवरा पहाटे अंधारात छतावरून उतरला, भुशाच्या खोलीत गेला आणि त्याने अंघोळ केली, ही पत्नीची साक्ष ग्राह्य ठरली, तो तिच्याशी जे बोलला ते वगळले गेले. तेव्हा धाकट्याला कबुली उच्चारू द्यावी की धाकटीला दाराच्या फटीतून पाहू द्यावे, याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा, कारण त्यावर शेवटचा अंक ठरतो.

चौकशीचे प्रसंग पोलीस ठाण्यात नेण्याची घाई करू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७९ नुसार साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर स्त्रीला तिच्या राहत्या घराबाहेर हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. म्हणून पोलीसच स्वयंपाकघरात येतात, आणि याच संहितेच्या कलम १०५ मुळे झडतीचे मोबाइलवर चित्रीकरणही होते. या मोबाइलचा उपयोग करून घ्यावा. शिपाई फळीवरून, डब्यांवरून, चुलीवरून कॅमेरा फिरवत असतो आणि अधिकारी सहज विचारतो, “मावशी, हे ताट कुणासाठी झाकून ठेवलंय?” आई म्हणते, “थोरल्यासाठी.” त्याच क्षणी थोरला जेवून उठलेला, हात पुसत बाहेर येतो. इथे पार्श्वसंगीताची गरज नाही. अधिकाऱ्यानेही लगेच काही बोलू नये. त्याने पाहिले की नाही, हे पुढील काही प्रसंग प्रेक्षकाला कळू देऊ नये.

ओटीटीसाठी लिहिताना मध्यंतराचा धक्का योजण्याची सवय सोडावी लागते. प्रेक्षक घरी आहे, त्याचे बोट थांबवण्याच्या बटणावर आहे. त्याला एका मोठ्या कलाटणीपेक्षा दर काही मिनिटांनी अनुत्तरित राहिलेला एखादा लहान प्रश्न अधिक घट्ट धरून ठेवतो. थेट ओटीटीवर येणाऱ्या चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, पण २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वयोगटाचे वर्गीकरण करावे लागते. ‘यू/ए १६+’ की ‘ए’, हा प्रश्न हिंसा किती दाखवायची याच्याशी जोडलेला असल्यामुळे निर्मात्याशी त्याची चर्चा आधीच करावी. माझा कल खून पडद्याआड ठेवून सदरा धुण्याचा प्रसंग पूर्ण दाखवण्याकडे आहे.

कथा जुलै २०२४ पूर्वी घडत असेल, तर संवादांत भारतीय दंड संहितेची जुनी कलमे, म्हणजे आश्रयासाठी २१२ आणि पुराव्यासाठी २०१, वापरावीत. मसुदा एखाद्या फौजदारी वकिलाला वाचायला द्यावा, आणि निर्मात्याकडे पाठवण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची नोंदणी करून घ्यावी.