जुन्या गाडीच्या पाट्यातून झिजलेला धातूचा बुश काढताना

बडोद्यात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल वळणात, बुश (आत बसवलेली धातूची नळी) गंजून चिकटतो. आधी रस्ट ऑइल सोडून रात्रभर ठेवा. बुशचा बाहेरचा व्यास, खोली आणि ग्रीसच्या भोकाची दिशा लिहून घ्या. नवा बुश उलटा बसला तर ग्रीस पोचतच नाही.

हातोड्याने ठोकू नका. कडा पसरते आणि बुश आणखी घट्ट बसतो. १२ मिमीचा आट्यांचा रॉड आरपार घाला. एका बाजूला बुशपेक्षा अर्धा मिमी लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला आतून बुशपेक्षा २-३ मिमी मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा, दोन्हीकडे जाड वॉशर आणि नट. आट्यांना ग्रीस लावून नट सावकाश आवळा. ‘कट्’ आवाज आला की बुश सुटला.

तरीही हलला नाही तर हॅक्सॉचं पातं भोकातून ओवून बुशला उभी चीर द्या. पितळी भुकटीत काळसर लोखंडी कण दिसताच थांबा, डोळ्याला खाच पडली तर पाटा तिथूनच तडकतो. मग बारीक छिन्नीने कड आत दुमडा. गॅसची ज्योत पाट्याला लावूच नका, पोलादाचं पाणी उतरतं.

नवा बुश दाबल्यावर भोक किंचित आवळतं, म्हणून रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) नंतरच फिरवा.