गावच्या क्रिकेट क्लबचा इतिहास लिहायचाय? मग आधी शिवारात जा

आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात गावागावात जुने क्लब हायत, पण लिहून ठेवलेलं कुणाकडंच नाही. आमच्या गावचं मी गोळा करतोय, त्यातनं जे कळलं ते सांगतो.

ट्रॉफ्यांपासून सुरुवात करू नका. मी केली आणि दोन महिने गेले. ट्रॉफीवर नुसतं उपविजेता आणि साल असतंय, त्या साली बॉलला पैसे कुणी दिले ते नसतंय, आणि क्लब तर त्याच्यावरच चालला की.

जुन्या खेळाडूला ‘किती साली?’ असं कधी विचारू नका, माणूस गप्पच होतंय. ‘कपिलनं कप आणला त्याच्या आधी का नंतर?’ असं विचारा, म्हणजे 1983 च्या अलीकडचं का पलीकडचं ते कळतंय. पुढचं कारगिलवर धरा, म्हणजे 1999. घरातल्या लग्नावर, पोराच्या जन्मावर पण साल बरोबर लागतंय.

आणि त्याला रानात घेऊन जा. आमच्या गल्लीतले एक आबा घरात दोनच वाक्यं बोलले, पण भात कापलेल्या रानात उभं केल्यावर चप्पल काढून बांधापासनं पावलं टाकायला लागले. बावीस पावलं मोजून टाच रुतवली, म्हणाले, ‘इथं दुसरा स्टंप, काजूच्या फांदीचा’. मी टेप लावली तर 64 फूट भरलं, पीच असतंय 66 फुटाचं, एवढ्या वर्षांनी दोनच फूट कमी! मग तिथंच बांधावर बसून सगळं सांगितलं, सुगी झाली की खुरप्यानं धसकटं काढायची, घागरीनं पाणी मारायचं, खळं करतात तसं चोपून शेणानं सारवायचं, आणि वाळेपर्यंत गुरं येऊ नयेत म्हणून दोघांनी राखण करायची. हे बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून.

ते रान कुणाचं होतं हे पहिल्या पानावर लिहा. आपल्याकडं भातानंतर मसूर, वाटाणा पेरतात. ज्यानं पोरांसाठी रान मोकळं ठेवलं त्याचं एक पीक गेलं. टीमच्या फोटोत तो माणूस कधीच नसतोय, आणि मला विचाराल तर क्लबचा सगळ्यात मोठा खेळाडू तोच.

स्कोअरबुक मिळालं तर पानं ओढून सोडवू नका, जसं हाय तसं दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढा. बॅट्समनचे रन आणि एक्स्ट्रा मिळवून टोटल लागते का बघा, नाही लागली तरी दुरुस्त न करता तसंच उतरवा. फोटोच्या मागं नावं पेन्सिलनं हलक्या हातानं लिहा, आणि जुने फोटो लॅमिनेशन करायला अजिबात देऊ नका. पावत्या, अर्ज पण टाकू नका. क्लब रजिस्टर केलेला असेल तर ते कागद बहुतेक कन्नडमध्ये असतील, कन्नड जाणत्या मित्राला घेऊन बसा आणि त्यातल्या सात-आठ सभासदांची नावं उतरवून घ्या, त्यातलं कोण पुण्याला गेलं, कोण गोव्याला, कोण मिलिटरीत, हे विचारत गेलं की टीम का मोडली ते आपोआप कळतंय.

भांडणं लपवू नका. आमच्यात वर्गणीच्या हिशोबावरनं दोन गल्ल्यांच्या दोन टीमा झाल्या, मी दोन्हीकडचं ऐकलं, दोन्ही समोरासमोरच्या पानावर लिहिलं, कोण खरं ते ठरवत बसलो नाही.

लगेच छापायला देऊ नका. झेरॉक्स काढून, उजवीकडं निम्मं पान मोकळं सोडून, जत्रेच्या आधी आठ दिवस देवळात ठेवा, सोबत दोऱ्यानं बांधलेलं पेन. बाहेरगावची माणसं जत्रेला येतात, तीच चुका काढतात आणि राहिलेली नावं भरतात. आमच्या प्रतीत पहिल्याच दिवशी अकरा नावं वाढली, त्यातलं एक दर मॅचला घरनं कळशीभर ताक पाठवणाऱ्या काकूंचं.