आराखड्याआधी जागेची चौकशी

वास्तुविशारदाकडून घराचे किंवा इमारतीचे रेखाटन करून घेण्यापूर्वी, त्या जागेवर नेमके काय आणि किती बांधता येईल याची चौकशी पूर्ण करावी. महाराष्ट्रात ती सातबारा किंवा मिळकत पत्रिकेपासून सुरू होते. मात्र कागदावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्र यांत पुष्कळदा फरक निघत असल्याने भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आधी करून घेणे इष्ट. त्यानंतर जागा कोणत्या वापरासाठी ठरवलेली आहे हे सांगणारा झोन दाखला काढावा, कारण विकास आराखड्यातील आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) किंवा नियोजित रस्तारुंदी भूखंडाचा मोठा भाग गिळू शकते, आणि अनुज्ञेय चटई क्षेत्र (सर्व मजले मिळून बांधण्यास परवानगी असलेले क्षेत्र) तर समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही अवलंबून असते. नदीजवळच्या जागेसाठी पूररेषा अवश्य तपासाव्यात: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते जमिनीच्या पोटाकडे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील उथळ पाया हलतो व भिंतींना तडे जातात. म्हणून भूखंडावर एकाहून अधिक ठिकाणी माती तपासणीचे बोअर घेऊन मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो आणि जमिनीची धारणक्षमता, म्हणजे भार पेलण्याची ताकद, किती आहे, हे पाहावे. शेजाऱ्याच्या पायाच्या खोलीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. या तपासणीचा खर्च मजले ठरण्याआधीच करावा, कारण पायाचा प्रकार बदलला की अंदाजपत्रकही बदलते.