डबा भरलेलाच घरी जात असेल तर

एखादी मुलगी मधल्या सुट्टीत "आज उपास आहे, बाई" म्हणते. श्रावणी सोमवार, संकष्टी, पुढे नवरात्र, त्यामुळे आपल्याकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण घरात उपास नसताना तिचा एकटीचाच असेल आणि साबुदाण्याची खिचडीही नको असेल, तर शिक्षकांनो, हा खाण्याचा विकार असू शकतो, म्हणजे मुद्दाम उपाशी राहणं किंवा खाल्लेलं उलटून काढणं. वहीत तारीख टाका. दोन आठवडे या खुणांची नोंद ठेवा: भाकरी कुस्करून डब्यात पसरवणे, जेवल्याबरोबर स्वच्छतागृहात जाणे, बोटांच्या सांध्यांवर घट्टे किंवा ओरखडे (घशात बोटं घालून उलटी काढल्याने येतात), उन्हाळ्यातही स्वेटर, प्रार्थनेला चक्कर, सलग तीन महिने पाळी न येणे (हे बाईंनीच विचारावं). उलट्या करणाऱ्या मुलांचं वजन बहुधा नेहमीसारखंच दिसतं, म्हणून नुसत्या अंगकाठीवर जाऊ नका.

मुलगे यातून सुटतात असं समजू नका. सांगली-साताऱ्यात तालमीत जाणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात. तालुक्याच्या कुस्तीआधी "दोन किलो उतरव" म्हटलं की पोरगं पाणी बंद करतं, स्वेटर घालून पळतं, थुंकत बसतं. यात चरबी उतरत नाही, पाणी उतरतं. पाण्याबरोबर क्षारही जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वजनगट मोसमाच्या सुरुवातीलाच ठरवा. मूल वाढत असेल तर वरच्या गटात खेळवा. वजन घटवून मिळालेलं पदक शाळेने मिरवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आरोग्य तपासणीत वजन पडद्याआड, एकेकाचं घ्या. आकडा लिहा, ओरडून सांगू नका. वर्गासमोर "बासष्ट!" ऐकलेलं मूल त्याच दिवसापासून डबा टाळू लागू शकतं. या बदलाला एक पैसाही लागत नाही.

मुलाशी एकाच शिक्षकाने बोलावं, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याने. शिक्षकखोलीत नको, जेवणानंतर लगेच नको. दहा मिनिटं पुरतात. "गेले दोन आठवडे तुझा डबा परत जातोय आणि प्रार्थनेला तू दोनदा खाली बसलीस. मला काळजी वाटते," एवढंच. "किती बारीक झालीस!" नको, "खा की गं, काय होतंय!" तर नकोच. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण घरी सांगावंच लागणार आहे.

पालकांना फोनवर नको, शाळेत बोलावून सांगा. घरात स्वयंपाक आजी करत असेल तर तिलाही बोलवा. "वयात आल्यावर पोरी असंच करतात" हे उत्तर येणारच. वाद घालू नका. नोंदवही दाखवा आणि एकच मागणी करा: या आठवड्यात डॉक्टरांकडून नाडी, रक्तदाब आणि रक्ततपासणी. मानसोपचाराचा विषय त्यानंतर काढा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय इथून सुरुवात करता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

काही वेळा आठवडाभर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या: मूल बेशुद्ध पडलं, पाणीही घेत नाही, छातीत धडधडतं, जीव द्यायचं बोलतं, किंवा पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी पन्नासच्या खाली आहे. धावपटूंची नाडी मुळातच कमी असते, पण ती कशामुळे कमी आहे हे डॉक्टर ठरवतील, क्रीडाशिक्षक नव्हे.

दरम्यान कुणीही बळेच खाऊ घालू नये. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि जिवावर बेतू शकतं. किती आणि कसं वाढवायचं हे डॉक्टरच सांगतील.

उपचार सुरू असताना मूल शाळेत येऊ लागलं की कागदावर लिहून ठरवा: डबा कोणासोबत, कुठे खायचा (ग्रंथालयाचा कोपरा चालतो), त्यासाठी अर्धा तास, त्यानंतर अर्धा तास एकट्याने स्वच्छतागृहात नाही, आणि डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत पीटीला सुट्टी. लक्ष एकाच शिक्षकाचं असावं. चारजण डब्यात डोकावले तर मूल लपवायला शिकतं.

आणि शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना बजावून ठेवा, "तब्येत सुधारली हं!" म्हणायचं नाही. आपण कौतुकाने म्हणतो, तिला ऐकू येतं "जाड झालीस". त्याऐवजी प्रयोगवही कुठवर आली ते विचारा.