रणनीतीचा अभ्यास सुरू करताना: आधी एक मोहीम, मग विचारवंत

या विषयाकडे वळणारे बहुतेक जण सुन त्झू या प्राचीन चिनी विचारवंतापासून सुरुवात करतात. साहजिकच आहे. तेरा छोटी प्रकरणं, एका बैठकीत संपणारं पुस्तक आणि जवळजवळ प्रत्येक वाक्य भिंतीवर लावण्याजोगं. पण आठवडाभराने हातात फक्त वाक्यंच उरतात. ‘शत्रूला ओळख, स्वतःला ओळख’ हे तोंडपाठ असतं. ओळखायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं, असं विचारलं की माणूस गप्प होतो. म्हणून कुणी मला ‘सुरुवात कुठून करू?’ असं विचारलं, की मी विचारवंताचं नाव सांगतच नाही. एक मोहीम निवडा, म्हणतो. एकच. तिचा नकाशा, तारखा आणि रसदीचा हिशेब अंगवळणी पडेपर्यंत तिच्यातच राहा, आणि मग एकेका विचारवंताला त्या नकाशापुढे उभं करा.

मोहीम कुठलीही चालेल. अथेन्सने इ. स. पूर्व ४१५ मध्ये सिसिलीवर केलेली स्वारी उत्तम आहे, नेपोलियनची १८१२ ची रशियावरची चढाईही उत्तम. मराठी वाचकाला मात्र पानिपतच सुचवावंसं वाटतं, कारण त्याची साधनं आपल्याला आपल्या भाषेत वाचता येतात. त्यात एक अडथळाही आहे. ही कथा आपल्याला पात्रांसकट माहीत असते. विश्वासराव पडतात, भाऊ गर्दीत शिरतात आणि १४ जानेवारी १७६१ हा एकच दिवस डोळ्यांसमोर राहतो. रणनीतीच्या विद्यार्थ्याने तो दिवस सगळ्यात शेवटी वाचावा.

त्याआधीचे तीन महिने बघा. १७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेचं कुंजपुरा घेतलं; धान्य आणि पैसा हाती आला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. आता मराठे उत्तरेला, अब्दाली दक्षिणेला. दोघेही एकमेकांच्या घरच्या वाटेवर. कागदावर परिस्थिती बरोबरीची दिसते. मग उपासमार एकाच छावणीत का झाली?

हा प्रश्न आम्हाला वर्गात असाच घातला गेला होता. सरांनी भिंतीवर नकाशा लावला, ऑक्टोबरअखेरची स्थिती खडूने मांडली आणि आमचे दोन गट केले. पुढे काय घडलं ते माहीत नाही असं समजून निर्णय घ्यायचे. आमच्यातला एक जण तावातावाने गारद्यांच्या तोफा कुठे लावाव्यात हे सांगू लागला. सरांनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, “अहो, तोफांचं नंतर बघू. आज रात्री घोड्यांना वैरण कुठून आणताय तेवढं सांगा.” वर्ग गप्प. मग कुणी तरी दुआबाकडे, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखाकडे, बोट दाखवलं, आणि तिथून खरी चर्चा सुरू झाली. दुआबातलं धान्य नजीबखानाच्या रोहिल्यांमुळे अब्दालीला मिळत होतं. ते तोडण्याचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं, आणि डिसेंबरात ते मारले गेले. मराठी छावणीत लढणाऱ्यांखेरीज यात्रेकरू आणि बायकामुलंही होती; त्यांची तोंडं मोजली की जानेवारीत लढाईला बाहेर पडणं हा निर्णय उरतच नाही, ती सक्ती होते. त्या दुपारी एकाही विचारवंताचं नाव निघालं नाही, पण पुढची दोन वर्षं जे वाचलं ते सगळं त्या नकाशावर तपासून बघायची सवय लागली.

आता क्लॉझविट्झ काढा, म्हणजे या प्रशियन सेनाधिकाऱ्याचा ‘युद्धाविषयी’ (Vom Kriege) हा ग्रंथ. १८३१ मध्ये तो कॉलऱ्याने गेला. त्याच्या पत्नीने, मारीने, हस्तलिखितं १८३२ पासून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. आठ भागांचा हा ग्रंथ अपुरा आहे. पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण तेवढं पूर्ण झालं आहे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला घ्याल तर सहाव्या भागातल्या किल्ल्यांत आणि डोंगरी खिंडींत अडकाल. मी सांगतो तो क्रम असा: पहिल्या भागातलं पहिलं प्रकरण, त्याच भागातलं घर्षणावरचं (युद्धात सोपी गोष्टही अवघड करणाऱ्या बारीकसारीक अडचणींवरचं) सातवं, मग दुसऱ्या भागातलं पाचवं आणि मग एकदम आठवा भाग. दुसऱ्या भागातल्या पाचव्या प्रकरणाकडे नवखे वळतच नाहीत, आणि खरं तर अभ्यासाची पद्धत तिथेच आहे. काय घडलं ते आधी नक्की करा. त्या परिणामामागचं कारण शोधा. मग वापरलेल्या साधनाची परीक्षा करा, म्हणजे दुसरं कुठलं साधन हाताशी होतं का ते विचारा. या तिसऱ्या पायरीवर बहुतेक निबंध कोसळतात. ‘भाऊने गनिमी काव्याने लढायला हवं होतं’ हे वाक्य सगळे लिहितात. एवढा बाजारबुणग्यांचा पसारा घेऊन, सपाट मुलखात, यमुनेच्या काठाने ते कसं जमलं असतं, हे लिहिणारा क्वचित भेटतो.

युद्ध म्हणजे राजकारणच, वेगळ्या साधनांनी पुढे चालवलेलं, हे त्याचं विधान सगळ्यांना माहीत असतं. त्याचा उपयोग मात्र विजेत्यावर करून बघा. अब्दाली जिंकला आणि थोड्याच महिन्यांत परत गेला. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते. त्या विजयातून त्याला राजकीयदृष्ट्या काय मिळालं? या प्रश्नावर दोन पानं लिहिता आली की क्लॉझविट्झ समजायला लागला म्हणावं. हाच मुद्दा व्हिएतनाम युद्धानंतर फार तिखटपणे समोर आला. १९७५ मध्ये हनोईत अमेरिकी कर्नल हॅरी समर्स उत्तर व्हिएतनामच्या एका कर्नलला म्हणाले, रणांगणावर तुम्ही आम्हाला कधी हरवलं नाहीत. उत्तर आलं: असेल तसं, पण त्याला काही अर्थ नाही.

कौटिल्य वाचताना उलटी गंमत होते. आपल्याकडे त्याचा अभिमान फार आणि वाचन कमी. ‘अर्थशास्त्रा’चं हस्तलिखित १९०५ मध्ये म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती आलं आणि १९०९ मध्ये छापलं गेलं; मुंबई विद्यापीठाने १९६० च्या दशकात काढलेली र. पं. कंगल्यांची चिकित्सक आवृत्ती आजही अभ्यासकाचा पहिला आधार आहे. पंधरा अधिकरणांपैकी रणनीतीसाठी सहावं, सातवं आणि नववं आधी वाचा. सहाव्यात राज्याची सात अंगं आणि बारा राजांचं मंडल, सातव्यात षाड्गुण्य, म्हणजे परराज्यांशी वागण्याचे सहा मार्ग. शेजारी तो शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र, एवढ्यावर थांबू नका. मंडलातला पार्ष्णिग्राह, म्हणजे आपण पुढे निघालो की पाठीवर येणारा शत्रू, हा जास्त कामाचा आहे. नवव्या अधिकरणात तर स्वारीला निघण्यापूर्वीचा सगळा ताळेबंद आहे: माणसांचा क्षय, पैशाचा व्यय, पदरात पडणारा लाभ आणि पाठीमागे उठू शकणारी बंडाळी. संधी (तह) आणि विग्रह (युद्ध) दोन्हींतून सारखाच फायदा होणार असेल तर संधी करावी, कारण युद्धात क्षय, व्यय, प्रवास आणि विघ्नं येतात, असं तो सातव्यात स्वच्छ सांगतो. ज्याला लोक कपटनीतीचा आचार्य म्हणतात, तो मुळात हिशेबनीस आहे.

हे घेऊन पुन्हा पानिपताकडे जा. सूरजमल जाट निघून गेला, शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला, राजपूत लांब राहिले: सात अंगांतलं ‘मित्र’ हे अंग लढाईआधीच गळालं होतं. दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली: ‘कोश’ही (खजिना) गेलेला. सुन त्झू आता उघडा. दुसऱ्या प्रकरणात लांबलेल्या युद्धाने कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही असं तो म्हणतो, आणि हे वाक्य आता भिंतीवरचं वाटत नाही.

नेपोलियनच्या काळातल्या जोमिनी या लेखकावर फार वेळ घालवू नका; तळ आणि दळणवळणाची रेषा या कल्पना घ्या आणि पुढे चला. ब्रिटिश लेखक लिडेल हार्टचा आडवाटेचा सिद्धांत (समोरासमोर न भिडता शत्रूला अनपेक्षित बाजूने गाठा) मोहक आहे, पण जिंकलेली प्रत्येक लढाई त्यात बसवता येते आणि तिथेच माझा विश्वास उडतो. समुद्राकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आल्फ्रेड महान या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याचा ग्रंथ १८९० चा, ब्रिटिश इतिहासकार कॉर्बेटचा १९११ चा. दोन्ही वाचण्याआधी अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ काढून ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ असं सांगणारं आरमाराचं प्रकरण वाचा. ते चटकन संपतं आणि त्यात जहाजासाठी लाकूड कसं तोडावं, रयतेची झाडं घेताना काय करावं हेही आहे. महानकडे हा तपशील नाही.

१९४५ नंतर, अणुबाँब आल्यावर, विषय कूस बदलतो. बर्नार्ड ब्रोडी या अमेरिकी अभ्यासकाने १९४६ मध्येच लिहिलं की आतापर्यंत सैन्याचं काम युद्ध जिंकणं होतं, यापुढे ते टाळणं असेल. थॉमस शेलिंगने पुढे धमकीचं गणित मांडलं. तो अर्थशास्त्रज्ञ, २००५ चं नोबेलही अर्थशास्त्राचंच. इथे सैन्याच्या हालचालींपेक्षा दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याला महत्त्व येतं. सरावासाठी ऑक्टोबर १९६२ चा, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उभा राहिलेला पेच घ्या. नाकेबंदी करून केनेडींनी पुढचा निर्णय सोव्हिएत जहाजांवर सोडला, हे शेलिंगच्या भाषेत मांडून बघा. मग तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढण्याचं गुप्त आश्वासन त्यात मिळवा आणि तुमचं आधीचं उत्तर बदलतं का ते तपासा. बदलायलाच हवं.

राष्ट्रीय सुरक्षेच्या आधुनिक चर्चेत शिरताना सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. अर्नोल्ड वुल्फर्सने १९५२ मध्येच हा शब्दप्रयोग किती सैल आहे हे दाखवलं होतं. पुढे बॅरी बुझानने लष्करी, राजकीय, आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय अशी पाच क्षेत्रं मांडली आणि विषयाचं अंगण मोठं झालं. ते आवश्यकच होतं. पण आता पाणी, डेटा, स्थलांतर, लशी, सगळंच सुरक्षेचा प्रश्न म्हणून लिहिलं जातं, आणि तसं म्हटलं की वादाला जागाच उरत नाही. डेव्हिड बाल्डविनने १९९७ मध्ये दिलेले प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत: कोणाची सुरक्षा, कोणत्या मूल्यांची, किती, कशापासून, कोणत्या साधनांनी, कोणत्या किमतीत, किती काळासाठी. कुठलाही धोरणलेख या प्रश्नांतून गाळून घेतला की निम्मा तरी गळून पडतो.

कामाधंद्याबद्दल थोडं. निव्वळ सिद्धांत येतो म्हणून कुणी नोकरी देत नाही. संशोधन संस्था, पत्रकारिता, कंपन्यांसाठी राजकीय जोखमीचं विश्लेषण, अध्यापन, प्रशासकीय सेवा या वाटा आहेत. पण सगळीकडे विचारतात की तुम्हाला एखादा प्रदेश, तिथली भाषा आणि एखादा तांत्रिक विषय येतो का. बर्मी भाषा येणारा आणि बंदरांचे आकडे वाचू शकणारा उमेदवार क्लॉझविट्झ मुखोद्गत असलेल्याच्या पुढे जातो. संरक्षण खर्चाचे अर्थसंकल्पी तक्ते वाचायला पहिल्याच वर्षी शिका. महसुली किती, भांडवली किती, त्यातलं निवृत्तिवेतन किती, एवढं कळलं तरी भाषणं वेगळी ऐकू येतात.

आणि लिहिताना साध्य, मार्ग, साधनं हा आर्थर लिक्केचा साचा वापरा, सगळेच वापरतात. त्यात प्रतिस्पर्धी कुठेच नाही, हे मात्र लक्षात ठेवा. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या नव्या मुलांच्या टिपणांत तीच त्रुटी असते: पाच शिफारशी, सगळ्या नीटस, आणि समोरचा दरम्यान काय करणार याबद्दल एक ओळ नाही. मी समासात ‘मग तो काय करेल?’ एवढंच लिहून टिपण परत पाठवतो.